बॅगेतली कुत्री आणि चौदा इंजेक्शनं

गेल्या डिसेंबरात मी आणि माझा रूममेट गुहागरच्या अलीकडे एका होमस्टेमध्ये चार दिवस राहिलो. कागदोपत्री दोघं, प्रत्यक्षात तिघं. तिसरी भेळ. लॉकडाऊनमध्ये आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पावसात कुडकुडत बसलेली सापडली आणि मग राहिलीच. गावठी, तांबूस, वजन अकरा किलो.

होमस्टेच्या काकूंनी व्हॉट्सॲपवर नियम पाठवले होते. जेवणाचं आदल्या रात्री सांगावं. विहिरीवर आंघोळ करू नये. पाळीव प्राणी आणू नयेत. मी खाली अंगठ्याचा इमोजी टाकला. पुढे आम्ही जे केलं ते पाहता, मराठीतला ‘अंगठा दाखवणे’ हा वाक्प्रचारच तिथे जास्त लागू पडतो.

भेळला घरी ठेवायला कोणी नव्हतं. पेट बोर्डिंगचे चार दिवसांचे पैसे ऐकून आमचे डोळे पांढरे झाले होते. मग रात्री नऊला, अंगणातला दिवा गेल्यावर, जिमच्या डफल बॅगेत टॉवेल अंथरून भेळला बसवलं, चेन अर्धी उघडी ठेवली आणि काकूंच्या स्वयंपाकघरासमोरून तिला खोलीत नेलं. आम्हाला फार हुशारी केल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू घावनं घेऊन खोलीत आल्या आणि पलंगाखालून भेळ शिंकली. काकूंनी ताटल्या टेबलावर ठेवल्या, वाकून खाली पाहिलं. आता ओरडा बसणार म्हणून आम्ही तयारच होतो. त्या एवढंच म्हणाल्या, “इंजेक्शनं झाल्येत का रे तिची?”

झाली होती. पुस्तिका गाडीत होती. मी धावत जाऊन आणली. काकूंनी चष्मा लावून तारखा वाचल्या आणि मग खुर्चीवर बसून त्यांच्या धाकट्या भावाची गोष्ट सांगितली. तो आठ वर्षांचा असताना शेजारच्या घरी मुंबईहून चाकरमानी आले होते, मे महिन्यात. सोबत त्यांचा कुत्रा. कुत्रा भावाच्या पोटरीला चावला. दोन दिवसांनी मंडळी एसटीने मुंबईला परतली, कुत्र्यासकट. डॉक्टर म्हणाले, कुत्रा दहा दिवस नजरेसमोर ठेवा, तो ठणठणीत राहिला तर इंजेक्शनं मध्येच थांबवता येतील. पण कुत्रा होता मुंबईत, आणि गावात फोन नव्हता. मग भावाला रोज तालुक्याला नेऊन पोटात चौदा इंजेक्शनं दिली. “शेवटी शेवटी त्याला चौघं धरायचे,” काकू म्हणाल्या. “तो कुत्रा चांगलाच होता म्हणे. पुढच्या मे महिन्यात परत आला.”

आम्हाला त्यांनी हाकललं नाही. भेळची रवानगी मात्र पडवीत झाली.

कोड लिहिताना जुन्या प्रोग्रॅममध्ये एखादी विचित्र अट दिसली, तर ती उडवण्याआधी कोणी आणि का लिहिली हे बघायचं, असं आम्हाला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात शिकवलेलं असतं. ‘पाळीव प्राणी आणू नयेत’ या ओळीबद्दल मी तसं कधी केलं नव्हतं. पुण्याला परतल्यावर केलं. त्यातून हा लेख झाला.

मठातल्या पाहुणीचे बारा कुत्रे

ही अट आपल्याला वाटते त्यापेक्षा फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये मध्ययुगात ख्रिस्ती जोगिणींचे मठ होते. मठांमधलं सगळं नीट चाललंय ना, हे पाहायला बिशप अधूनमधून तपासणीला यायचा आणि मग लेखी आदेश पाठवायचा. या तपासणीच्या नोंदी आजही उपलब्ध आहेत आणि त्या वाचायला मजा येते, कारण त्यांत देवापेक्षा कुत्र्यांच्या तक्रारी बऱ्याचदा निघतात.

विंचेस्टरचा बिशप विल्यम ऑफ विकम याने १३८७ मध्ये रॉम्सीच्या मठाला असा आदेश पाठवला. तुमच्यातल्या काही जणी प्रार्थनेच्या वेळी पक्षी, ससे आणि कुत्रे घेऊन येतात, त्यांचं लक्ष स्तोत्रांपेक्षा त्यांच्याकडेच असतं, हे बंद झालं पाहिजे, असा त्याचा आशय. असे आदेश इतर मठांनाही जात राहिले. एकच आदेश पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, तेव्हा तो कोणी पाळत नसतं हे उघड आहे.

त्यातलं एक प्रकरण तर थेट आपल्या विषयाचं. मठांना पैशांची चणचण असायची, म्हणून ते श्रीमंत घरच्या बायकांना पैसे घेऊन राहायला ठेवायचे. आजच्या भाषेत पेइंग गेस्ट. लँगली नावाच्या छोट्या मठात १४४० च्या सुमारास लेडी ऑडली अशीच राहत होती. मठाच्या प्रमुख बाईंनी बिशपकडे तक्रार केली, की ही बाई चर्चमध्ये येते तेव्हा तिच्यामागे बारा कुत्रे येतात आणि इतका गोंधळ घालतात की जोगिणींना स्तोत्रं म्हणता येत नाहीत.

लेडी ऑडलीला काही लपवावं लागलं नाही. ती पैसे देत होती आणि मठाला पैशांची गरज होती. पैसेवाल्यांसाठी या नियमाला नेहमीच एक मागचं दार राहिलंय. ते आपल्याला पुढेही दिसेल.

या काळात नियमाचं कारण मात्र साधं होतं: आवाज, घाण, लक्ष विचलित होणं. जिवाचा प्रश्न नव्हता. तो पुढे आला.

बायरनचं अस्वल आणि बायरनचा कुत्रा

लॉर्ड बायरनचा एक किस्सा तुम्ही कुठल्या तरी रीलमध्ये पाहिला असेल. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात कुत्रा ठेवायला बंदी होती, अस्वलाबद्दल नियमांत काही लिहिलं नव्हतं, म्हणून या पठ्ठ्याने अस्वल आणलं. नियमातल्या फटीची ही गोष्ट खरी की नंतर रंगवलेली, हा भाग सोडा. अस्वल मात्र खरं होतं. १८०७ च्या एका पत्रात बायरनने स्वतःच त्याच्याबद्दल लिहिलंय आणि कॉलेजवाल्यांनी विचारलं तेव्हा हे फेलोशिपच्या परीक्षेला बसणार आहे असं आपण सांगितल्याचं कळवलंय.

रील इथे संपते. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १८०८ मध्ये, बायरनचा लाडका न्यूफाउंडलंड कुत्रा बोट्सवेन मेला. रेबीजने. कुत्र्याला काय झालंय हे बायरनच्या आधी लक्षातच आलं नाही आणि तो त्याच्या तोंडाची लाळ उघड्या हातांनी पुसत राहिला, असं त्याचा चरित्रकार टॉमस मूर सांगतो. हाताला कुठे खरचटलेलं असतं, तर इंग्रजी कवितेचा इतिहास वेगळा झाला असता. बायरनने आपल्या न्यूस्टेडच्या वाड्यात बोट्सवेनचं मोठं स्मारक बांधलं. ते आजही आहे.

रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास नक्की मरतो, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. तेव्हा फरक एवढाच होता की चावल्यानंतर करण्यासारखं काहीच नव्हतं. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चरने जोझेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा लस टोचली, तेव्हा ते चित्र बदलायला लागलं.

मुसकी आणि सहा महिने

ब्रिटनने दुसरी वाट धरली. आपण बेट आहोत, तर रोगच आत येऊ द्यायचा नाही.

शेतकी खात्याचा मंत्री वॉल्टर लाँग याने १८९७ पासून कडक आदेश काढले. ज्या भागात रेबीज आहे तिथल्या प्रत्येक कुत्र्याला बाहेर नेताना मुसकं बांधायचं. कुत्रेप्रेमी खवळले. मुक्या जिवाचे हाल, सरकारी जुलूम, असा आरडाओरडा झाला. त्याच वर्षी परदेशातून येणाऱ्या कुत्र्यांवरही निर्बंध आले. थोड्याच वर्षांत ते पक्के झाले: बाहेरून येणारा प्रत्येक कुत्रा सहा महिने क्वारंटाइनमध्ये.

सहा महिनेच का? चावा बसल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुतेक वेळा दोन-तीन महिने जातात, कधी त्याहून बरेच जास्त. या काळात कुत्रा अगदी ठणठणीत दिसतो, शेपूट हलवतो, खेळतो. तो आजारी आहे की नाही हे सांगणारी कुठलीच तपासणी तेव्हा नव्हती. ओळखता येत नसेल तर वाट पाहायची, एवढाच उपाय. मालकाच्या शब्दाला इथे काही किंमत नव्हती, कारण मालक खोटं बोलत नसला तरी त्यालाही माहीत नसायचं.

१९०२ मध्ये ब्रिटन रेबीजमुक्त झाला. शिव्या खाल्लेल्या मुसक्यांनी आणि सहा महिन्यांच्या पिंजऱ्यांनी ते काम केलं होतं.

१९१८: हिशेब प्लिमथला आला

मग पहिलं महायुद्ध आलं. फ्रान्स आणि बेल्जियमच्या खंदकांत हजारो सैनिकांनी भटके कुत्रे पाळले. उद्ध्वस्त गावांमधले, मालक गेलेले कुत्रे. चिखल, उंदीर आणि तोफांच्या आवाजात अंगाशी झोपणारं उबदार काहीतरी. युद्ध संपत आलं आणि घरी जायची वेळ झाली, तेव्हा त्या कुत्र्याला तिथे सोडून जायचं कसं? कोटात, सामानाच्या पिशवीत, मित्रांच्या मदतीने हे कुत्रे बोटींवर चढले आणि इंग्लंडमध्ये उतरले. या सैनिकांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. माझी तर फक्त बोर्डिंगचे पैसे वाचवायची गोष्ट होती.

१९१८ च्या शरद ऋतूत प्लिमथच्या परिसरात कुत्र्यांमध्ये रेबीज सापडला. सोळा वर्षांनी. डेव्हन आणि कॉर्नवॉल या जिल्ह्यांत तो पसरला. चोरून आणलेल्या कुत्र्यांमधूनच तो आला असं तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी मानलं आणि आजही तसंच मानलं जातं. पुन्हा मुसकी आली, कुत्र्यांना जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी आली, भटके कुत्रे मारले गेले. रोग पूर्ण हटायला १९२२ उजाडलं.

इथे मला काकूंचा भाऊ आठवला. कुत्रा आणणारा सैनिक एका गावचा. ज्यांना चावा बसला, ज्यांचे कुत्रे मारले गेले, ते दुसऱ्याच गावचे. आणणाऱ्याला बहुधा कधी कळलंही नसेल. त्याच्या आठवणीत तो कुत्रा युद्धातला जिवाभावाचा सोबतीच राहिला असणार, आणि ते खोटंही नाही.

याच काळातली दुसरी बाजूही सांगायला हवी. सैनिकांना धमकावून कुत्रे येणं थांबणार नाही, हे काही प्राणिप्रेमी संस्थांच्या लक्षात आलं. क्वारंटाइनचा खर्च सैनिकाच्या पगाराबाहेरचा होता. या संस्थांनी सैनिकांच्या कुत्र्यांसाठी जागा केल्या आणि खर्चाचा मोठा भाग उचलला. माणूस चोरी करतो त्यामागे बऱ्याचदा सरळ रस्ता परवडत नाही हे कारण असतं. तो रस्ता स्वस्त केला की चोरी कमी होते.

तांदळाच्या पोत्यातली जुडी

दुसऱ्या महायुद्धातली एक गोष्ट मात्र वाचताना मी लोकलमध्ये माझं स्टेशन चुकलो.

जुडी ही पॉइंटर जातीची कुत्री ब्रिटिश नौदलाच्या गनबोटीवर होती. १९४२ मध्ये बोट बुडाली आणि खलाशांबरोबर तीही सुमात्रा बेटावर जपान्यांच्या कैदेत गेली. मेदानजवळच्या छावणीत फ्रँक विल्यम्स या हवाई दलाच्या कैद्याने आपल्या वाटचा भात तिच्यासमोर ठेवला. तेव्हापासून ती त्याची झाली. तिला पहारेकऱ्यांनी मारून टाकू नये म्हणून विल्यम्सने खटपट करून तिचं नाव युद्धकैद्यांच्या यादीत घालून घेतलं.

जून १९४४ मध्ये कैद्यांना जहाजाने सिंगापूरला हलवायचं ठरलं. कुत्र्याला परवानगी नाही. विल्यम्सने तिला शिकवलं होतं: खूण केली की तांदळाच्या रिकाम्या पोत्यात शिरायचं आणि हूं की चूं करायचं नाही. त्या दिवशी कैदी उन्हात तासन् तास उभे होते. विल्यम्सच्या पाठीवरच्या पोत्यात जुडी तेवढा वेळ गप्प राहिली. वाटेत ब्रिटिश पाणबुडीनेच नकळत त्या जहाजावर टॉर्पेडो डागला. विल्यम्सने जुडीला जहाजाच्या गोल खिडकीतून समुद्रात ढकललं. दोघंही वाचले आणि पुढे पुन्हा भेटले.

युद्ध संपल्यावर मायदेशी जाणाऱ्या जहाजावरही कुत्र्यांना बंदी होती. मित्रांनी बंदरावरच्या पहारेकऱ्यांना बोलण्यात गुंतवलं आणि जुडी पुन्हा चोरून चढली. पण लिव्हरपूलला उतरताना काय झालं ते बघा. विल्यम्सने तिला पिशवीत लपवलं नाही. तिला रीतसर अधिकाऱ्यांच्या ताब्यात दिलं आणि पुढचे सहा महिने जुडी क्वारंटाइनमध्ये राहिली. सुटल्यावर, मे १९४६ मध्ये, तिला डिकिन पदक मिळालं. प्राण्यांना शौर्यासाठी देतात ते.

छावणीत पोतं उघडं पडलं असतं, तर तिच्याबरोबर विल्यम्सलाही शिक्षा झाली असती. धोका त्याचा होता, त्याने घेतला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर तो धोका दुसऱ्या कोणाचा झाला असता. तिथे तो थांबला. डफल बॅग उचलताना मला हा फरक कळला नव्हता.

यॉटवरचे कुत्रे, आणि रक्ताचा एक नमुना

मागचं दार म्हटलं होतं ना, ते १९६८ मध्ये पुन्हा उघडलं. एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन लंडनला येणार होते, कुत्र्यांसह. सहा महिने त्यांना पिंजऱ्यात ठेवायचं? त्यांनी थेम्स नदीत चक्क एक यॉट भाड्याने घेऊन ठेवली. कुत्रे पाण्यावर, म्हणजे कायद्याने इंग्लंडच्या बाहेर. लंडनच्या वर्तमानपत्रांनी जगातलं सगळ्यांत महागडं कुत्र्याचं घर म्हणून थट्टा केली.

पुढच्याच वर्षी कॅम्बर्ली गावी जर्मनीहून आलेला एक कुत्रा सहा महिने पूर्ण करून सुटला आणि थोड्याच दिवसांत रेबीजने पिसाळला. त्याने माणसांना चावे घेतले. शिवाय तो जंगलातही भटकला होता. तिथल्या कोल्ह्यांत रोग गेला असेल तर संपलंच, म्हणून त्या परिसरातले कोल्हे आणि इतर वन्यप्राणी मारण्यात आले. हा कुत्रा चोरून आणलेला नव्हता. नियम शंभर टक्के पाळूनही हे झालं. वाट पाहणं हा उपायसुद्धा पूर्ण खात्रीचा नव्हता.

यानंतर वाद तीस वर्षं चालला. बंदरांवर भीतीदायक पोस्टर लागली, नियम आणखी कडक झाले. लपवून आणणारे सापडत राहिले आणि प्रत्येक नव्या प्रकरणानंतर नियम आवळणाऱ्यांच्या हातात नवं कोलीत मिळत गेलं. चोरून नेणाऱ्यांमुळे हा नियम सैल झाला, असं एकही उदाहरण मला सापडलं नाही.

सैल झाला तो वेगळ्याच कारणाने. चांगल्या लसी आल्या. लसीमुळे कुत्र्याच्या रक्तात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार झाली का, हे नमुना तपासून सांगता यायला लागलं. आणि हा नमुना याच कुत्र्याचा कशावरून, या प्रश्नाला कातडीखालच्या मायक्रोचिपने उत्तर दिलं. १९९८ मध्ये प्राध्यापक इयान केनेडी यांच्या समितीने शिफारस केली आणि २८ फेब्रुवारी २००० पासून ठरावीक देशांतून येणारे कुत्रे-मांजरं चिप, लस आणि रक्ततपासणीच्या कागदांवर थेट घरी जाऊ लागले. शंभर वर्षं जे काम पिंजरा करत होता, ते आता एक कागद करू लागला.

पैसेवाल्यांची सवय मात्र गेली नाही. २०१५ मध्ये जॉनी डेप आणि अँबर हर्ड यांचे पिस्टल आणि बू हे दोन छोटे यॉर्कशायर टेरियर खासगी विमानातून, न सांगता, रेबीजमुक्त ऑस्ट्रेलियात उतरले. तिथल्या कृषिमंत्र्याने कुत्रे परत न्या, नाहीतर मारावे लागतील, असं जाहीर केलं. पुढच्या वर्षी हर्डने खोटी माहिती दिल्याचं कोर्टात कबूल केलं. जगभर मीम झाले. मीही तेव्हा त्या मंत्र्याला हसलो होतो.

चौदा इंजेक्शनं कुठून आली

आता पुन्हा कोकणात. ब्रिटनने आपल्या बेटाभोवती कुंपण घातलं. भारतात ते शक्यच नव्हतं. इथे कुत्रा चावला की पाश्चरची लस मिळण्याची जागा म्हणजे १९०० मध्ये सुरू झालेली कसौलीची संस्था, आणि १९०७ पासून दक्षिणेत कुन्नूर. चावलेला माणूस आगगाडीने तिथवर पोचायला हवा.

डेव्हिड सेंपल या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने १९११ मध्ये कसौलीला नवी लस तयार केली. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवायचा आणि फेनॉल घालून तो मारायचा. ही लस स्वस्त होती आणि गावोगावी पाठवता येत होती. तिने असंख्य जीव वाचवले. पण ती पोटाच्या कातडीत, रोज एक अशी टोचावी लागे, आणि मेंदूतल्या पेशींचा अंश असल्याने काही जणांच्या नसांना कायमची इजा होई, लकवाही मारे. भारतात तिचं उत्पादन २००४ च्या अखेरीपर्यंत चालू होतं. म्हणजे मी बालवाडीत जायला लागलो तरी. आपल्या आईवडिलांच्या पिढीला कुत्रा म्हटलं की पोटातली चौदा इंजेक्शनं का आठवतात, त्याचं उत्तर हे. आज दंडात चार-पाच डोस पुरतात. जगात रेबीजने होणाऱ्या मृत्यूंपैकी फार मोठा वाटा अजूनही भारताचाच आहे.

म्हणजे काकूंच्या व्हॉट्सॲपवरची ती एक ओळ चादरीवरच्या केसांबद्दल नव्हती. आमच्यासारख्या चार दिवस येऊन निघून जाणाऱ्यांचा कुत्रा चावला, तर दहा दिवस नजर ठेवायला तो तिथे नसेल, याबद्दल ती होती.

या मे महिन्यात मी काकूंना आधी फोन केला. भेळच्या लसींच्या पुस्तिकेचा फोटो पाठवला, माझा आणि रूममेटचा असे दोन नंबर दिले आणि निघाल्यावरही दहा दिवस रोज भेळचा फोटो पाठवीन असं सांगितलं. काकू हसल्या. “आण. पण पडवीत हो.” त्यांच्या नियमांच्या मेसेजमध्ये ती ओळ अजून आहे. बाकीच्यांसाठी ती तशीच राहील, आणि राहावी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक गृहस्थ शहाळी घेऊन आले. साठीच्या अलीकडचे, मिशीत हसणारे. पडवीत भेळ दोरीला बांधलेली, पाय पसरून झोपलेली होती. त्यांना ती दिसली आणि ते अंगणातून वळसा घालून मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळाने काकू बाहेर आल्या आणि काही न बोलता माझ्याकडे बघून मान हलवली. मी उठून भेळला गाडीत नेऊन बसवलं आणि काचा खाली करून, ते जाईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिलो.